हाडाच्या भुकटीतला मातृवंश

प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रिया नावाच्या सूक्ष्म कणिका असतात आणि अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे काम त्या करतात. या कणिकांना केंद्रकातील डीएनएहून वेगळा, स्वतःचा असा वर्तुळाकार डीएनए असतो. त्याची लांबी माणसामध्ये १६,५६९ अक्षरांची, तर गाईबैलांमध्ये सुमारे १६,३३८ अक्षरांची आहे. येथे अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतील चार रासायनिक घटकांपैकी एक. केंद्रकातील डीएनए आई व वडील अशा दोघांकडून येतो आणि प्रत्येक पिढीत त्याची सरमिसळ होते. मायटोकाँड्रियातील डीएनए मात्र केवळ आईकडून अपत्यांना मिळतो व लेकींमार्फतच पुढे जातो. दीर्घ काळात त्यातील एखादे अक्षर बदलते आणि तो बदल त्या मादीच्या पुढील मातृवंशात उतरत राहतो, त्यामुळे कोणते बदल कोणाकोणात समान आहेत हे पाहून वंशवृक्षाच्या फांद्या जुळवता येतात. समान बदल बाळगणाऱ्या अशा वंशगटाला हॅप्लोग्रुप म्हणतात.

या पद्धतीचे सामर्थ्य १९८७ मध्ये जगापुढे आले. रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी १४७ व्यक्तींच्या मायटोकाँड्रियातील डीएनएची तुलना केली आणि आज हयात असलेल्या सर्व माणसांचे मातृवंश मागे नेल्यास ते सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या, बहुधा आफ्रिकेतील एका स्त्रीशी मिळतात, असे दाखवले. आफ्रिकेतील एल-३ या गटातून फुटलेल्या एम आणि एन या दोन शाखांमध्ये आफ्रिकेबाहेरील मूळ रहिवाशांचे बहुतेक सर्व मातृवंश सामावतात व त्यांपैकी एम शाखा भारतात फार मोठ्या प्रमाणावर आढळते. माणसाच्या स्थलांतराचा माग काढणारी हीच रीत पुढे त्याच्यासोबत चाललेल्या जनावरांनाही लागू करण्यात आली.

हयात माणसाच्या रक्तातून डीएनए मिळवणे सोपे असते. हजारो वर्षे मातीत पडलेल्या हाडातून तो मिळवणे हे अत्यंत चिकाटीचे काम आहे. प्राण्याच्या मृत्यूनंतर डीएनएच्या साखळ्या तुटत जातात आणि उष्ण, दमट प्रदेशात ही झीज अधिक वेगाने होते. अशा अवशेषांत मायटोकाँड्रियातील डीएनए हाती लागण्याची शक्यता जास्त असते, कारण केंद्रकातील डीएनएच्या पेशीमागे दोनच प्रती असतात, तर मायटोकाँड्रियातील डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. नमुन्यासाठी दात किंवा कानाच्या अंतर्भागाला वेढणारे, शरीरातील सर्वांत घट्ट हाड निवडले जाते, कारण त्याच्या दाटपणामुळे आतील डीएनए तुलनेने सुरक्षित राहतो.

ज्या खोलीत हे हाड उघडले जाते तेथील सगळी शिस्त एका भीतीभोवती उभी असते व ती भीती म्हणजे आजच्या डीएनएची भेसळ. खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची धूळ आत येत नाही. पृष्ठभाग ब्लीचने पुसतात, अतिनील किरणांचे दिवे लावतात, आणि काम करणारी व्यक्ती अंगभर पोशाख, मुखपट्टी व हातमोज्यांच्या दोन जोड्या घालूनच आत जाते. डीएनएच्या असंख्य प्रती जेथे तयार केल्या जातात ती प्रयोगशाळा वेगळ्या ठिकाणी असते आणि तेथून आलेल्या व्यक्तीला त्या दिवशी या खोलीत प्रवेश नसतो.

हाडाचा वरचा थर खरवडून टाकल्यावर दंतवैद्याच्या यंत्रासारख्या बारीक छिद्रकाने आतील भाग कोरला जातो आणि काही दशांश ग्रॅमहूनही कमी भरणारी भुकटी छोट्या नळीत जमा होते. हाडातील कॅल्शियम बांधून घेणारे रसायन व प्रथिने पचवणारे विकर म्हणजे एन्झाइम तिच्यात घालून मिश्रण रात्रभर कोमट तापमानात फिरवत ठेवतात. मग मोकळा झालेला डीएनए सिलिकाला चिकटवून, धुऊन, अखेरीस द्रवाच्या काही थेंबांत उतरवून घेतात. प्रत्येक तुकडीसोबत हाडाची भुकटी न घातलेली एक रिकामी नळीही याच सर्व टप्प्यांतून नेली जाते. तिच्यात डीएनए आढळला तर भेसळ झाली हे उघड होते.

हाती येणारे डीएनएचे तुकडे बहुधा शंभर अक्षरांहूनही लहान असतात. त्यांच्या टोकांना ओळखीचे कृत्रिम दुवे जोडले जातात आणि मायटोकाँड्रियातील डीएनएशी जुळणाऱ्या आमिष-साखळ्या वापरून हवे ते तुकडे चुंबकीय मण्यांवर पकडले जातात. त्यानंतर त्यांचे वाचन होते व संगणकावर एकेक तुकडा प्रमाण क्रमाशी लावून पाहिला जातो. या टप्प्यावर प्राचीनतेची खूणही तपासतात: जुन्या डीएनएच्या टोकांजवळ सायटोसीन हे अक्षर रासायनिक ऱ्हासाने बदलते आणि वाचताना ते थायमीन म्हणून दिसते. ज्या नमुन्यातील तुकड्यांत ही झीज दिसत नाही ते हल्लीच्या भेसळीतून आले असावेत असा संशय घ्यावा लागतो, म्हणजे कालौघात झालेली इजाच येथे खरेपणाची साक्ष ठरते.

गुरांच्या बाबतीत या रीतीने दिलेले उत्तर भारतीय वाचकाला विशेष जवळचे आहे. वशिंड असलेली गुरे ही मूळच्या बिनवशिंडी पाळीव गुरांपासूनच पुढे निपजली असावीत, असे एक मत दीर्घकाळ मांडले जात होते. १९९४ मध्ये रोनान लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी युरोप, आफ्रिका व भारत येथील १३ जातींच्या गुरांचा मायटोकाँड्रियातील डीएनए तपासला तेव्हा दोन स्वतंत्र मातृवंश समोर आले व ते निदान दोन लाख वर्षांपूर्वीच, म्हणजे माणूस गुरे पाळू लागण्याच्या कितीतरी आधी, एकमेकांपासून वेगळे झाले होते. याचा अर्थ असा की रानटी गुरे माणसाळवण्याचे काम दोन ठिकाणी, दोन निराळ्या रानटी कळपांपासून झाले. पुढे २०१० मध्ये आशियातील १९ देशांतील ८४४ वशिंडी गुरांच्या अभ्यासातून आय-१ आणि आय-२ असे दोन हॅप्लोग्रुप निश्चित झाले. आय-१ मधील विविधता सिंधू खोऱ्यात सर्वाधिक आढळली आणि जेथे वंश सर्वाधिक काळ नांदला तेथेच विविधता साठते, या तत्त्वानुसार ते खोरे त्याचे उगमस्थान मानले गेले. आय-२ चे मूळ मात्र एका ठिकाणी बांधता आले नाही. बलुचिस्तानातील मेहेरगढच्या उत्खननात रिचर्ड मेडो यांना गुरांच्या हाडांचे प्रमाण वाढत गेलेले व त्यांचा आकार लहान होत गेलेला आढळला होता. माणसाळवण्याच्या प्रक्रियेची ही खूण डीएनएच्या निष्कर्षाशी जुळते.

तथापि गुरांच्या अभ्यासानेच या पद्धतीची मर्यादाही दाखवून दिली. आफ्रिकेतील वशिंड असलेल्या गुरांमध्ये मातृवंश मात्र बिनवशिंडी गुरांचा निघाला, तर नराकडून नराकडे जाणारे वाय गुणसूत्र त्यांच्यापैकी अनेकांत भारतीय वळणाचे आढळले. याचा उलगडा वळूत आहे. एक वळू अनेक गाईंना फळवू शकतो, त्यामुळे दूरदेशीहून आणलेल्या थोड्या वळूंनी सारा कळप वशिंडी केला, पण गाई स्थानिकच राहिल्याने आईकडचा धागा जुनाच राहिला. पश्चिम आशियातील ६७ प्राचीन गुरांच्या जनुकसंचांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सुमारे चार हजार वर्षांपूर्वी असेच घडल्याचे दिसले आणि संशोधकांनी त्याचा संबंध त्या काळातील दीर्घ अवर्षणाशी व वशिंडी गुरांच्या काटकपणाशी जोडला. केवळ आईचा धागा पाहिला असता तर ही सारी घडामोड नजरेआड राहिली असती. माणसाच्याही दहा पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात व मायटोकाँड्रियातील डीएनए त्यांपैकी एकीचीच कथा सांगतो. म्हणून त्यावरून एखाद्या समाजाचे संपूर्ण मूळ ठरवणे हे शास्त्राला धरून नाही.

भारतीय हवामानात तो एक धागाही किती दुर्मीळ असतो हे हरियाणातील राखीगढी या प्राचीन वसाहतीच्या उत्खननाने दाखवले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील शोधनिबंधानुसार तेथील ६१ नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या अवशेषातून उपयुक्त डीएनए मिळाला व तिचा मातृवंश यू-२-बी-२ हा निघाला. महाराष्ट्रातही घोड नदीकाठच्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांतून गुरांची हाडे मिळालेली आहेत. पण उघड्या हातांनी हाताळलेले, धुऊन उन्हात वाळवलेले आणि उष्ण कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिलेले हाड आपली साक्ष गमावत जाते, आणि एकदा कोरलेली भुकटी परत हाडात भरता येत नाही. म्हणून यापुढील प्रत्येक उत्खननात हाड मातीतून वर येताच ते हातमोजे घालून उचलावे, न धुता कोरडे व थंड ठेवावे आणि त्याचा काही भाग अधिक चांगल्या पद्धती येईपर्यंत अस्पर्श राखावा.