भाड्याची खोली, कचरा कोणाचा?

लकडगंज हा नागपूर महानगरपालिकेच्या 10 झोनपैकी एक. इथल्या दोन-तीन खोल्यांच्या घरमालकाला वाटते, कचरा भाडेकरूचा. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी मात्र कचरा करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक निवासी जागेला जबाबदार धरले.

ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. जुने सेल, औषधे, रंगाचे डबे वेगळे. सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळूनच द्यायचे. ते हाताळणाऱ्या सफाई कामगाराच्या आरोग्याचा हा प्रश्न आहे. कचरा जाळणे किंवा नालीत टाकणे निषिद्ध.

भाडेकरू बदलताना खोलीची डागडुजी निघते. तो मलबा रस्त्यावर नाही, स्वतःच्या आवारात ठेवायचा. डब्यांची जागा भाडेकराराच्या वेळीच दाखवलेली बरी.