पर्वकाळातील सेवेकरी
हरिद्वारच्या कुंभमेळ्यातील एका पथकाची आठवण

सिंहस्थ जवळ येऊ लागला की आपल्या घराघरांतून गोदास्नानाच्या गोष्टी सुरू होतात. रामकुंडावर जावयाचे की त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, पर्वणीच्या दिवशीच जावे की गर्दी ओसरल्यावर, वृद्ध मंडळींना बरोबर न्यावे की त्यांच्यासाठी तांब्याच्या गडूत तीर्थ आणावे, याची चर्चा देवघराच्या उंबरठ्यावर रंगते. आखाडे, साधूंच्या मिरवणुका, स्नानाचे मुहूर्त यांविषयी लिहिलेलेही पुष्कळ वाचावयास मिळते. परंतु लक्षावधी माणसे एका नदीकाठी जमतात तेव्हा ती पाणी कोठले पितात, शौचास कोठे जातात, वाटेत कोणी कोसळला तर त्यास कोण उचलतो, हे प्रश्न आपल्या पुण्यसंचयाच्या हिशेबात सहसा येत नाहीत. ज्यांच्या हिशेबात ते आले, अशा काही सेवेकऱ्यांची कथा आज आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत.

कुंभ राशीत गुरू आणि मेष राशीत सूर्य आला म्हणजे हरिद्वारचा कुंभ भरतो. १९१५ च्या एप्रिल महिन्यात तो योग होता. हरिद्वारचे नाव त्या काळी भक्तांच्या मनात जेवढे पवित्र होते, तेवढेच सरकारी वैद्यांच्या मनात धास्तीचे होते. १८६७, १८७९ आणि १८९१ या तिन्ही वर्षी तेथील मेळ्यापाठोपाठ पटकीची साथ उसळली आणि घरोघर परतणाऱ्या यात्रेकरूंच्या पावलांनी उत्तर हिंदुस्थानभर पसरली. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यास संशोधन करून या रोगाचा जंतू ओळखला होता. रोग्याच्या मळातून तो पाण्यात उतरतो आणि त्याच पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो, हे शास्त्रास कळले होते. पण नदीकाठच्या उघड्यावर बसणाऱ्या यात्रेकरूस ते कोणी सांगावे? आणि सांगितले तरी त्याने जावे कोठे?

हे काम अंगावर घेतले ते पुण्याच्या एका संस्थेने. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ अर्थात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. अल्प वेतनावर जन्मभर देशसेवा करण्याची प्रतिज्ञा घेतलेले हे मूठभर लोक. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनास हात देणारे गोपाळ कृष्ण देवधर त्यांतलेच. १९११ मध्ये मुंबईस सोशल सर्व्हिस लीग उभी करणारे नारायण मल्हार जोशीही त्यांतलेच. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. संस्थापकाच्या निधनास दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्यांच्या माणसांनी हरिद्वारी स्वयंसेवकांचे मोठे पथक नेले. प्रमुख होते पंडित हृदयनाथ कुंझरू, आणि वैद्यकीय बाजू सांभाळत होते डॉ. देव.

त्याच वर्षी ९ जानेवारीस गांधीजी आफ्रिकेतून स्वदेशी परतले होते. त्यांच्या फिनिक्स आश्रमातील मंडळी त्या वेळी शांतिनिकेतनात होती. पथकाच्या मदतीस त्यांना बोलावणे गेले. मगनलाल गांधी त्यांना घेऊन पुढे गेले आणि रंगूनहून परतलेले गांधीजी मागून जाऊन मिळाले. सहारनपुरापासून पुढचा प्रवास मालगाडीच्या डब्यांतून झाला. वर छप्पर नाही, माथ्यावर दुपारचे ऊन, पायांखाली तापलेले लोखंड. घशास कोरड पडली असतानाही स्थानकावरचे पाणी मुसलमानाचे आहे असे कळताच अनेक यात्रेकरू ते नाकारीत आणि ‘हिंदू पाण्या’ची वाट पाहत बसत. गांधीजींनी आत्मकथेत हे नमूद करून पुढे असे विचारले आहे की, हीच माणसे आजारात डॉक्टरने काहीही दिले तर जात विचारतात काय? आमच्या लहानपणी आजीच्या सोवळ्यात फडताळातल्या औषधाच्या बाटलीला नेहमीच सवलत असे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

हरिद्वारला एका धर्मशाळेच्या आवारात तंबू ठोकून स्वयंसेवकांची सोय केलेली होती. डॉ. देवांनी शौचासाठी खड्डे खणून घेतले होते. खड्डा खणणे सोपे, पण तो वापरण्याजोगा ठेवणे कठीण. मैल्यावर प्रत्येक वेळी माती पडली नाही तर माशा बसतात, दुर्गंधी सुटते, आणि एकदा दुर्गंधी सुटली की माणसे खड्डा सोडून पुन्हा नदीकाठाकडे वळतात. हे मातीचे काम करण्यासाठी डॉ. देवांना पगारी सफाई कामगारांवर अवलंबून राहावे लागत होते. स्वयंसेवकांत उत्साहाची उणीव नव्हती, पण या कामास हात लावील असा उच्चवर्णीय त्या काळी मिळणे दुर्मिळच. फिनिक्सच्या मंडळींनी ते आपणहून मागून घेतले. खड्ड्यांवर माती टाकणे आणि स्वच्छतेवर लक्ष ठेवणे एवढेच त्यांचे कुंभपर्व. डॉ. देवांनी आनंदाने संमती दिली.

स्वतः गांधीजींच्या वाट्यास मात्र ते काम फारसे आले नाही. आफ्रिकेतील लढ्यामुळे त्यांचे नाव झाले होते. तंबूत दर्शनासाठी रीघ लागे, घाटावर स्नानास गेले तरी माणसे पाठीमागे, जेवतानाही एकांत नाही. माती टाकणारे हात तंबूबाहेर राहिले आणि दर्शन घडले ते दुसऱ्याचेच! आपल्या समाजाची ही रीत अजूनही फारशी बदललेली नाही, असे आम्हांस वाटते.

मेळ्यात त्यांना भक्तीपेक्षा ढोंग आणि अस्वच्छताच अधिक दिसली. पाच पायांची गाय पाहून प्रथम ते चकित झाले. मग कळले की जिवंत वासराचा पाय कापून तो गाईच्या खांद्यावर जोडलेला होता. श्रद्धाळू त्या गाईसमोर पैसे टाकीत होते. गोमातेच्या नावाने गोवत्साचा असा छळ! त्या वर्षी सतरा लक्ष यात्रेकरू जमले असे सांगत. इतके सारे केवळ दांभिक असतील असे गांधीजींनी मानले नाही. तथापि तेथे चाललेल्या अधर्माचे काही प्रायश्चित्त आपणच घ्यावे, या विचाराने त्यांनी व्रत घेतले: दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवावयाचे नाही. चातुर्मासात एखादा जिन्नस सोडणाऱ्या आपल्या गृहिणींना हे व्रत परके वाटणार नाही. त्यामागील कारण तेवढे निराळे.

हरिद्वारच्या खड्ड्यांची विद्या तेथेच संपली नाही. १९१७ मध्ये चंपारण्यात गांधीजींनी खेड्यांतून शाळा व औषधोपचार सुरू केले, तेव्हा सोसायटीने डॉ. देवांना त्यांच्याकडे धाडले. औषधे तीनच: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. उरलेला सारा वेळ डॉ. देव व त्यांचे सहकारी रस्ते झाडण्यात, विहिरी उपसण्यात आणि डबकी बुजविण्यात घालवीत. कुंझरूंनी प्रयागच्या सेवा समितीतून व पुढे बालवीर चळवळीतून तरुण स्वयंसेवक घडविण्याचे काम चालविले. ते १९७८ मध्ये वारले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६८ मध्ये, त्यांनी भारतरत्न नम्रपणे नाकारले होते.

प्रयागचे नाव निघाले म्हणून आणखी एका सेवेकऱ्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९४६ च्या माघमेळ्यात राजाराम तिवारी या तरुणास चुकलेली एक वृद्धा भेटली. त्याने पत्र्याचा भोंगा करून तिच्या नावाने हाका मारल्या आणि तिची माणसे शोधून दिली. त्यातून ‘भारत सेवा दला’चे हरवलेल्यांचे शिबिर उभे राहिले. लोक त्यास ‘भूले-भटके शिबिर’ म्हणू लागले. २०१६ मध्ये तिवारींचे निधन झाले, तोवर मेळ्यामागून मेळे त्यांनी हे काम केले. कोणाचीही जात न विचारता चुकलेल्यास बसावयास जागा द्यावयाची, खावयास घालावयाचे आणि त्याचे नाव, गाव, नातलग ध्वनिक्षेपकावरून पुकारावयाचे.

या कामात एक अडचण अशी की, खेड्यांतील कित्येक वृद्ध स्त्रिया नवऱ्याचे नाव तोंडाने उच्चारीत नाहीत. चुकामूक होऊन कासावीस झालेली, डोळ्यांतून पाणी वाहते आहे, पण नाव सांगा म्हटले की पदर तोंडाशी. मग स्वयंसेवक तिला मुलाचे नाव विचारतात, दिराचे विचारतात, गावच्या देवाचे, पोलीसठाण्याचे, बरोबर आलेल्या शेजारणीचे विचारतात, आणि मिळेल त्या धाग्यावरून भोंग्यावर हाक घालतात. आपल्याकडे उखाण्याची सोय आहे. त्या माऊलींना तीही नसावी.