उच्च माध्यमिक भूगोल आणि नेकनूर परिसरातील हंगामी स्थलांतर

उच्च माध्यमिक स्तरावर भूगोलातील ‘स्थलांतर’ हा घटक बहुधा व्याख्येपुरताच शिकविला जातो. वस्तुतः बीड तालुक्यातील नेकनूर परिसरात त्याची कारणमीमांसा प्रत्यक्ष अभ्यासता येते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील बालाघाटच्या पठारावर पाऊस अनिश्चित असतो. कोरडवाहू शेतीत खरिपानंतर पुरेसे काम उरत नाही. परिणामी मुकादमाकडून उचल घेऊन पती-पत्नीची जोडी, म्हणजेच एक ‘कोयता’, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र वा कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जाते व उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकात हा मार्ग नकाशावर प्रवाहरेषांनी दर्शविल्यास पर्जन्य, पीक व मजुरी यांतील कार्यकारणसंबंध त्यांना उमगेल. अन्यथा ऊसतोड कामगाराच्या मुलास स्वतःच्या घराचेच वास्तव पाठ्यपुस्तकात परके वाटत राहील.