सोने सापडले, म्हणजे नेमके काय सापडले?

प्राचीन खडकांतील सुवर्णपूर्वेक्षणाचे शास्त्र आणि त्यातील आकडे वाचण्याची रीत

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोन्याचा साठा सापडल्याचे वृत्त देशभर पसरले. रिझर्व्ह बँकेकडे त्या वेळी असलेल्या सोन्याच्या सुमारे पाचपट भरणारा हा आकडा होता. २२ फेब्रुवारी रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याविषयी खुलासा केला. सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार तेथे ५२,८०६.२५ टन सुवर्णयुक्त धातुपाषाण होता आणि त्यात दर टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने होते. हा गुणाकार केल्यास एकूण सोने भरते सुमारे १६० किलो. वृत्तातील आकडा आणि प्रत्यक्ष अंदाज यांत तब्बल वीस हजार पटींची तफावत होती.

देशात सोन्याची मागणी प्रचंड आहे आणि ती बहुतांशी आयातीतूनच भागते. बहुतेक वर्षी ही आयात सातशे ते आठशे टनांच्या घरात असते. त्यामुळे एखाद्या डोंगराखाली सोने असल्याची वार्ता येताच तिला महत्त्व प्राप्त होते. गुंतवणूकदार समभागांकडे वळतात, परिसरातील जमिनींचे भाव हलतात आणि डोंगरालगतच्या गावांत विस्थापनाची धास्ती निर्माण होते. म्हणूनच सोने खडकात कसे येते, ते कसे शोधले जाते आणि कोणत्या टप्प्यावर त्यास ‘साठा’ म्हणता येते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

पृथ्वीच्या प्राचीन गाभ्यात

भूकवचातील सामान्य खडकात सोन्याचे प्रमाण अत्यल्प, म्हणजे एका टनात ग्रॅमचे काही सहस्रांश इतकेच असते. खाण फायद्यात चालण्यासाठी हे प्रमाण टनामागे काही ग्रॅमपर्यंत, म्हणजेच साधारण हजारपट वाढलेले असावे लागते. निसर्गाने हे काम ज्या ठिकाणी केले, त्यांपैकी बरीच ठिकाणे पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांत आहेत. दक्षिण भारतातील धारवाडी खडक हे त्याचे ठळक उदाहरण होय. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खडकांचा अभ्यास करून त्यांना धारवाडचे नाव दिले. जगभरच्या भूविज्ञानात ते नाव आजही रूढ आहे.

सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर लाव्हारस ओतला जाऊन बेसाल्टाचे थर साचले. त्यांवर गाळाचे आणि लोहयुक्त खडकांचे थर चढले. पुढे भूकवचाचे तुकडे परस्परांवर दाबले गेले, थरांना घड्या पडल्या आणि उष्णता व दाब यांमुळे मूळ खडकांचे रूपांतरण झाले. त्यांतील हिरवट खनिजांमुळे अशा पट्ट्यांना हरितपाषाण पट्टे म्हणतात. भोवतालच्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांच्या विस्तीर्ण क्षेत्रात हे पट्टे अरुंद फितींसारखे दिसतात. कर्नाटकातील कोलारचा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ८० किलोमीटर लांब असला, तरी त्याची रुंदी जेमतेम तीन-चार किलोमीटर आहे.

रूपांतरण होत असताना खडकांतील खनिजांमध्ये बांधलेले पाणी मोकळे झाले. कार्बन डायऑक्साइड आणि गंधक मिसळलेल्या या तप्त द्रवाने खडकांतील विखुरलेले सोने विरघळवून घेतले. सोने हा सहजी कशाशी संयोग न पावणारा धातू असला, तरी गंधकाच्या संयुगांच्या संगतीने तो उष्ण पाण्यात विरघळू शकतो. हा द्रव खोलवर गेलेल्या भेगांतून आणि खडक चिरडले गेलेल्या पट्ट्यांतून वर सरकू लागला. भूकंपाच्या हादऱ्याने भेग उघडली की दाब एकदम उतरे आणि द्रवातील सिलिका क्वार्ट्झच्या रूपाने भेगेत साचे. भोवतालच्या खडकातील लोहाशी गंधकाचा संयोग होऊन पायराइट तयार होई. सोन्याला विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवणारे गंधक असे निघून गेल्यावर सोनेही तेथेच थांबे. भेग मिटे, पुन्हा दाब वाढे आणि पुन्हा भेग उघडे. ही क्रिया असंख्य वेळा घडून पांढऱ्या क्वार्ट्झच्या सुवर्णशिरा निर्माण झाल्या.

यावरून शोधकाला दोन गोष्टी कळतात. पहिली, सोने सर्वत्र पसरलेले नसून ते विशिष्ट भेगांच्या आणि घड्यांच्या आश्रयाने असते. दुसरी, क्वार्ट्झची प्रत्येक शीर सुवर्णयुक्त नसते. बहुसंख्य शिरा रित्याच असतात.

प्राचीनांच्या पाऊलखुणा

भारतातील सुवर्णशोधाला नवीन नकाशांइतकाच जुन्या खड्ड्यांचा आधार लाभला आहे. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथील प्राचीन खोदकामे सुमारे दोनशे मीटर खोलीपर्यंत गेली होती. तेथील लाकडी आधारांच्या कार्बन-कालमापनावरून ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे दिसते. सुरुंगाची दारू नसलेल्या त्या काळात खडकाला आग लावून तो तापवीत आणि मग पाणी ओतून फोडीत. याच पट्ट्यातील मस्की येथे १९१५ मध्ये सुवर्णखाणींचे अभियंता सी. बीडन यांना सम्राट अशोकाचा शिलालेख आढळला. ‘देवानांप्रिय’ या बिरुदासोबत अशोकाचे नाव त्यात स्पष्ट कोरलेले होते आणि त्यामुळे इतर लेखांतील ‘देवानांप्रिय’ कोण, या प्रश्नाचा उलगडा झाला.

आधुनिक काळात कोलारमध्ये १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने पद्धतशीर खाणकाम सुरू केले. १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथील जलविद्युत तेथे पोहोचली. खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या आणि सुमारे १२० वर्षांत तेथून ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. जसजशी खोली वाढली, तसतसे धातुपाषाणातील सोने घटत गेले आणि उत्खननाचा खर्च चढत गेला. अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारच्या खाणी बंद झाल्या. हट्टीची खाण मात्र आजही चालू असून तिचे वार्षिक उत्पादन दीड टनाच्या आसपास असते. देशाची मागणी पाहता हे प्रमाण नगण्य भासते. तथापि देशातील खाणींतून निघणाऱ्या सोन्याचा मोठा वाटा याच खाणीचा राहिला आहे.

शोधाच्या पायऱ्या

पूर्वेक्षणाचा प्रारंभ नकाशापासून होतो. खडकांचे प्रकार, घड्या, भेगा आणि जुनी खोदकामे यांची नोंद केली जाते. त्यानंतर ओढ्या-नाल्यांतील गाळाचे नमुने घेतले जातात. गाळात सोन्याचा अंश आढळल्यास प्रवाहाच्या उगमाकडे सरकत त्याचे मूळ शोधतात. सुवर्णरेखेच्या काठी आणि पूर्व विदर्भात सोनझारी समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे करीत आले. हलके ते वाहून जाते आणि जड ते तळाशी राहते, या एकाच तत्त्वावर दोन्ही पद्धती उभ्या आहेत.

पुढील टप्प्यात ठरावीक अंतरावर मातीचे नमुने घेऊन त्यांतील सोने आणि आर्सेनिक यांचे प्रमाण मोजतात. अनेक सुवर्णशिरांसोबत आर्सेनिकयुक्त खनिजे असतात. त्यामुळे सोने अत्यल्प असले तरी आर्सेनिक त्याचा माग दाखवते. चुंबकीय आणि विद्युत मापनांनी जमिनीखालील भेगांचा व गंधकयुक्त खनिजांचा अंदाज घेतला जातो. मग चर खणून शीर उघडी करतात. इतके झाल्यावर वेधनयंत्र आणले जाते, कारण सर्वाधिक खर्च त्याचाच असतो.

हिऱ्याच्या कणांनी मढवलेल्या वेधनयंत्राने खडकाचा दंडगोलाकार गाभा बाहेर काढला जातो. हा गाभा लांबीच्या दिशेने कापून अर्धा भाग प्रयोगशाळेत धाडतात आणि उरलेला अर्धा पेटीत जपून ठेवतात. प्रयोगशाळेत भुकटी केलेला नमुना शिशाच्या संयुगासह मुशीत वितळवतात. वितळलेले शिसे सोने-चांदीला आपल्यात सामावून घेते, नंतर शिसे काढून टाकून उरलेल्या मण्यातील सोन्याचे वजन केले जाते. सोनारांना परिचित असलेली ही परीक्षा शतकानुशतके जुनी असूनही आजही प्रमाण मानली जाते.

अर्धा गाभा जपण्याचा आग्रह का, याचे उत्तर इंडोनेशियातील बुसांग प्रकरणात मिळते. कॅनडातील ब्रे-एक्स या कंपनीने तेथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचा दावा केला आणि तिच्या समभागांचे मूल्य गगनाला भिडले. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळल्याचे उघड झाले. कंपनी गाभा अर्धा न ठेवता संपूर्ण भरडून टाकीत असल्याने फेरतपासणीस आधारच उरला नव्हता. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये खनिज प्रकल्पांची माहिती जाहीर करण्याविषयी कठोर नियम लागू केले.

लबाडी नसतानाही सोन्याची मोजणी अवघडच असते. सोन्याचे कण खडकात असमान विखुरलेले असतात. एखादा मोठा कण नेमका नमुन्यात आला, तर आकडा फुगतो आणि बाजूच्याच छिद्रात काहीच हाती लागत नाही. म्हणूनच एका छिद्रातील चमकदार निष्कर्षाला फारसे महत्त्व नसते. जवळजवळच्या अनेक छिद्रांतून तीच शीर तितक्याच जाडीने पुढे जात असल्याचे दिसले, तरच आकारमानाचा अंदाज बांधता येतो.

संसाधन आणि साठा

भारतात पूर्वेक्षणाचे चार टप्पे मानले जातात. प्राथमिक टेहळणीचा टप्पा जी-४, तर सर्वांत सखोल शोधाचा टप्पा जी-१ होय. जी-४ टप्प्यावरील आकडा हा ‘येथे अधिक शोध घेण्याजोगे काही आहे’ एवढेच सांगतो. पुढील टप्प्यांत खात्री वाढत जाते. खडकात सोने आहे इतके ठरले, तर त्याला संसाधन म्हणतात. ते प्रचलित तंत्राने, प्रचलित भावात आणि आवश्यक परवानग्यांसह किफायतशीरपणे काढता येईल, असे सिद्ध झाल्यावरच तो साठा ठरतो.

या भेदाचे महत्त्व देशाच्या खनिजगणनेतच दिसते. १ एप्रिल २०१५ च्या स्थितीनुसार देशात प्राथमिक सुवर्णधातुपाषाण ५०.१८ कोटी टन होता. त्यांपैकी केवळ १.७२ कोटी टन साठ्याच्या वर्गात होता. धातूच्या हिशेबाने एकूण सोने ६५४.७४ टन आणि त्यातील साठा ७०.०९ टन. याचा अर्थ असा की, जमिनीखाली असल्याचे मानलेल्या सोन्यापैकी जेमतेम नवव्या हिश्शाबद्दलच ते काढणे परवडेल, असे म्हणता येत होते.

याच गणनेतील बिहारचा आकडा अधिक बोलका आहे. देशातील सुवर्णधातुपाषाणापैकी ४४ टक्के, म्हणजे सुमारे २२.२९ कोटी टन पाषाण एकट्या बिहारमध्ये असल्याची नोंद होती. ‘देशाचे ४४ टक्के सोने बिहारात’ असे त्याचे मथळे झाले. परंतु या पाषाणातील सोने ३७.६ टन इतकेच होते. ते देशाच्या एकूण सोन्याच्या सहा टक्क्यांहूनही कमी भरते. टनामागे सरासरी पडते ०.१७ ग्रॅम. उलट साठ्याच्या वर्गातील पाषाणात हीच सरासरी चार ग्रॅमच्या आसपास येते. दगडाचे वजन आणि सोन्याचे वजन यांतील फरक न पाळल्यास किती दिशाभूल होते, हे यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्राच्या भूमीखाली

महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टाने आच्छादलेला आहे. सोन्याच्या दृष्टीने हे खडक फार तरुण ठरतात. प्राचीन खडक पूर्व विदर्भात आणि दक्षिण कोकणात उघडे पडतात. गोव्यातील लोहखनिजही धारवाडी कुळातील खडकांतलेच आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी केलेल्या वेधनात सुमारे एक किलोमीटर जाडीच्या बेसाल्टाखाली तेच प्राचीन ग्रॅनाइट-नाइस खडक लागले. तथापि प्राचीन खडक असणे आणि त्यात सोने असणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय इतक्या जाड आवरणाखालचा शोध आजच्या घडीला अतिशय खर्चिक आहे.

कायदा आणि परिसर

खाण आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने खनिजपट्टे लिलावाने देण्याची पद्धत आली. २०२३ च्या दुरुस्तीने सोन्यासह २९ खनिजांसाठी स्वतंत्र पूर्वेक्षण परवान्याची तरतूद झाली. खोलवरच्या खनिजांच्या शोधात खासगी भांडवल यावे, हा तिचा हेतू आहे. शोधांपैकी थोडेच खाणीपर्यंत पोहोचतात, त्यामुळे ही जोखीम कोणी आणि कोणत्या अटींवर पत्करावी, हा धोरणाचा कळीचा प्रश्न आहे.

खाणीची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाही. टनामागे तीन ग्रॅम सोने असलेल्या पाषाणातून एक तोळा सोने मिळवण्यासाठी सुमारे चार टन दगड फोडून, दळून, सायनाइडच्या द्रावणातून काढावा लागतो. सोने जाते आणि उरलेली भुकटी तेथेच राहते. कोलारमध्ये अशा भुकटीचे डोंगर खाणी बंद झाल्यावरही उभे असून वाऱ्याबरोबर त्यांची धूळ वस्त्यांवर येते.

यापुढे सोने सापडल्याची वार्ता आली, तर चार प्रश्न विचारावेत. सांगितलेले वजन पाषाणाचे की धातूचे? दर टनामागे ग्रॅम किती? शोध कोणत्या टप्प्यावरचा? आणि आकडा संसाधनाचा की साठ्याचा? सोनभद्रच्या वेळी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळताच तीन हजार टनांचे १६० किलो झाले होते.