लाल माती, थंड रात्र आणि द्राक्षाची साल

दक्षिण फ्रान्सच्या लांगदॉक भागात, आनियान गावाजवळच्या टेकड्यांत गिबेर कुटुंबाची ‘मास द दोमास गासाक’ ही वायनरी असून, तेथील लालसर, खोल आणि पाण्याचा चटकन निचरा होणारी माती द्राक्षवेलीस उत्तम असल्याचा निर्वाळा बोर्दोचे प्राध्यापक आंरी आंजालबेर यांनी १९७० च्या दशकारंभी दिला होता. अशा मातीत पाणी साचत नसल्याने मुळे खोल जातात, फळ लहान राहते आणि गराच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. आणि सारे महत्त्व या सालीलाच आहे, कारण काबेर्ने सोव्हिन्यों या तेथील मुख्य वाणाचा रस जवळजवळ रंगहीन असतो. रस आंबत असताना साली त्यातच मुरू दिल्या जातात, तेव्हा अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आणि जिभेला तुरटपणा देणारी टॅनिन द्रव्ये वाइनमध्ये उतरतात.

लार्झाक पठारावरून रात्री उतरणारी थंड हवा द्राक्षांचे श्वसन मंदावते, त्यामुळे त्यांतील मॅलिक आम्ल कमी खर्ची पडते आणि दक्षिणेच्या उन्हातही वाइनचा ताजेपणा टिकतो. १९७८ च्या पहिल्या हंगामापासून नावाजलेली ही वाइन बोर्दोचे वाण वापरल्याने स्थानिक नामांकनात बसली नाही आणि ‘व्हँ द पेई’ म्हणजे साध्या प्रांतीय वाइनच्या वर्गातच विकली गेली, हा नियमांचा विनोदच म्हणावा लागेल.