खर्डा आणि बुडापेस्ट : परराष्ट्राच्या हमीचा विचार

खर्ड्याच्या लढाईवर मराठींत पुष्कळ लेखन झालें आहे. ता. ११ मार्च १७९५ रोजीं झालेल्या या संग्रामांत मराठमंडळांतील बहुतेक सरदार पेशव्यांच्या निशाणाखालीं अखेरचे एकत्र आले, म्हणून आमच्या इतिहासकारांची दृष्टि साहजिकच विजयी पक्षावर खिळून राहिली. परंतु त्याच रणांगणावर आणखी एका प्रश्नाचा निकाल लागला, व त्याकडे आमचें लक्ष युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानें नव्यानें वेधलें. तो प्रश्न असा : इंग्रजांचें मैत्रीचें पत्र दप्तरांत व त्यांच्या दोन पलटणी पदरीं असतां निजामअली एकटा कां पडला?

आमचें लिंबागणेश हें गांव बालाघाटाच्या डोंगराळ प्रदेशांत आहे. खर्डा येथून नैर्ऋत्येस, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत. चौथ व सरदेशमुखीच्या थकलेल्या बाकीवरून तंटा विकोपास गेला, तेव्हां नबाब बेदराहून निघाला, मांजरेच्या खोऱ्यानें वर चढला व खर्ड्याहून घाट उतरून परिंड्याच्या रोखानें चालला. रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी त्याच्यापाशीं होत्या. मराठ्यांचें सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतें. प्रत्यक्ष लढाई फारशी झालीच नाहीं. रात्रीं घबराट उडून नबाब जनान्यासह खर्ड्याच्या किल्ल्यांत शिरला आणि तेथें कोंडला गेला. दौलताबादचा किल्ला, परिंड्यापासून तापीपर्यंतच्या सरहद्दीवरील मुलूख, सुमारें तीन कोटी रुपये आणि दिवाण मुशीरुल्मुल्क यास पेशव्यांच्या स्वाधीन करणें, अशा अटींवर त्याची सुटका झाली.

आतां इंग्रजांच्या हमीचें मूळ पाहूं. १७८८ सालीं कंपनीनें जुन्या तहाचा आधार दाखवून निजामाकडून गुंटूर सरकार घेतलें. मोबदल्यांत आपणांस त्याच तहाप्रमाणें लष्करी मदत मिळावी अशी नबाबाची मागणी होती. परंतु १७८४ च्या पिटच्या कायद्यानें गव्हर्नर जनरलचे हात बांधले होते : विलायतेच्या हुकुमावांचून युद्धाचा तह करूं नये, किंवा कोणा देशी राजाच्या मुलखाची हमीही घेऊं नये. यावर लॉर्ड कॉर्नवॉलिसनें काढलेली तोड मोठी चतुर होती. त्यानें तह केलाच नाहीं, ता. ७ जुलई १७८९ रोजीं एक पत्र लिहिलें, आणि हें पत्र तहनाम्याइतकेंच बंधनकारक समजावें असें त्यांत नमूद केलें. नबाबास मागेल तेव्हां दोन पलटणी व तोफा मिळतील. मात्र कंपनीच्या मित्रांवर त्यांचा उपयोग करतां येणार नाहीं. या मित्रांच्या यादींत पेशवे, शिंदे व नागपूरकर भोसले हीं नांवें होतीं, टिपूचें नव्हतें. अर्थात् ज्या शेजाऱ्याची नबाबास कायमची धास्ती, नेमका तोच मदतीच्या कक्षेबाहेर ठेवलेला होता. दरबारांत हें पत्र वाचलें गेलें तेव्हां तें कलम कोणाच्या नजरेंतून निसटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु गरजू मनुष्य लेखाचा आरंभ मन लावून वाचतो आणि अपवाद भरभर वाचतो.

पुढील वर्षीं टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे व निजाम यांचा त्रिवर्ग झाला. तहानंतर टिपूनें तिघांपैकीं कोणावर हल्ला केल्यास इतरांनीं एकत्र येऊन त्यास शासन करावें असें त्यांत ठरलें. मात्र तें कोणत्या रीतीनें व कोणत्या शर्तींवर, याचा निर्णय पुढें करावयाचा होता. तिघांपैकींच एकानें दुसऱ्यावर चाल केली तर काय, याविषयीं अक्षर नाहीं. कॉर्नवॉलिसनें परस्पर हमीचा नवा तह घडवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. निजाम राजी होता, पुणें दरबारानें ती गोष्ट मान्य होऊं दिली नाहीं. १७९३ च्या अखेरीस सर जॉन शोअर अधिकारावर आला, आणि खर्ड्याचा प्रसंग जवळ येतांच त्यानें तटस्थतेचा निर्णय केला. दोघेही आमचे दोस्त. एका दोस्ताविरुद्ध दुसऱ्यास साह्य करण्याचें बंधन आम्हांवर नाहीं, असा त्याचा युक्तिवाद. मराठ्यांशीं युद्ध जुंपल्यास टिपू संधि साधील, ही भीति त्यामागें होतीच. हैदराबादच्या दोन पलटणींनीं मराठ्यांविरुद्ध बंदूक उचलली नाहीं. माल्कमनें पुढें शोअरवर कडक टीका केली. आमच्या मतें शोअरनें पत्राचा अर्थ बरोबर लावला होता. दोष पत्र लिहिणाराचा, आणि त्यावर विसंबून बाकी देण्याची टाळाटाळ करणाऱ्या दिवाणाचा.

आमच्या धर्मशास्त्रांत जामिनास ‘प्रतिभू’ म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत त्याचे तीन प्रकार आहेत. दर्शनाचा प्रतिभू ऋणको हजर करण्याची जबाबदारी घेतो. प्रत्ययाचा प्रतिभू ‘हा मनुष्य विश्वासाचा आहे’ एवढें सांगतो. आणि दानाचा प्रतिभू ‘त्यानें न दिल्यास मी देईन’ असें म्हणतो. तिसऱ्याची जबाबदारी त्याच्या पुत्रांवरही येते, पहिल्या दोघांची येत नाहीं. पण स्मृतिकार असेंही सांगतात कीं, प्रत्ययाच्या प्रतिभूचा शब्द खोटा ठरल्यास त्यानें स्वतः भरपाई केली पाहिजे. राजनीतींत हें दुसरें बंधन लावणारें न्यायासन नाहीं. कौटिल्यानें तर संधीच्या प्रकरणांत स्पष्टच म्हटलें आहे कीं, सत्य व शपथ यांचा धाक इहपरलोकीं असतो, प्रतिभूचा उपयोग केवळ इहलोकापुरता, व तोही बलाच्या अपेक्षेनें. हे तीन प्रकार ध्यानांत ठेवून युक्रेनकडे वळावें.

सोव्हिएट संघ १९९१ सालीं मोडला तेव्हां युक्रेनच्या भूमीवर सुमारें १९०० दूरवर मारा करणारीं अणुशस्त्रें राहिलीं. संख्येनें जगांत तिसरा साठा. तीं डागण्याची गुरुकिल्ली मात्र मॉस्कोच्या हातीं होती, व तीं सांभाळण्याचा खर्च नवजात राज्यास झेपणारा नव्हता. म्हणून ‘हातचें ब्रह्मास्त्र फुकट घालविलें’ हा आक्षेप पुरतेपणीं खरा नाहीं. तथापि सौद्यांत तें मोठेंच नाणें होतें. ता. ५ डिसेंबर १९९४ रोजीं बुडापेस्ट येथें रशिया, अमेरिका, इंग्लंड व युक्रेन यांनीं एका लेखावर सह्या केल्या. युक्रेनचें स्वातंत्र्य व विद्यमान सरहद्द यांचा मान राखूं. त्यावर बळाचा प्रयोग वा धाक घालणार नाहीं. अणुशस्त्रांनिशीं आक्रमण झाल्यास वा तसा धाक असल्यास सुरक्षा समितीकडे तत्काळ जाऊं. शंका उद्भवल्यास मसलत करूं. जून १९९६ पर्यंत शेवटचें अणुशस्त्र रशियांत पोंचलें.

या लेखाचा मथळा पाहण्यासारखा आहे. इंग्रजी पाठांत ‘अॅशुरन्स’ असा शब्द आहे. रशियन व युक्रेनियन पाठांत ‘गॅरंटी’ या कुळांतील. पहिला प्रत्ययाचा, दुसरा दानाचा. ज्यांनीं अमेरिकेच्या बाजूनें मसुदा केला त्यांनीं हा भेद हेतुपुरःसर राखला होता, कारण गॅरंटी म्हटली कीं सैन्य पाठविण्याचें बंधन आलें. शिवाय हा लेख तहाच्या रूपानें अमेरिकेच्या सिनेटपुढें मंजुरीस गेलाच नाहीं. कॉर्नवॉलिसचें पत्र येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. देणें ठोस, येणें मात्र पत्ररूप; गुंटूरचेंही तसेंच झालें होतें.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्यें रशियानें क्रीमिया बळकावला. युक्रेननें मसलतीचें कलम पुढें केलें. ता. ५ मार्च रोजीं पॅरिस येथें बैठक झाली. रशियाचे परराष्ट्रमंत्री त्या दिवशीं त्याच शहरांत असून बैठकीस आले नाहींत. कीव येथें क्रांति होऊन नवें राज्य झालें असेल तर त्याच्याशीं आम्हीं कांहींच ठरविलेलें नाहीं, असा अर्थ रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनीं काढला. शोअरचा अर्थ पत्राच्या शब्दांस धरून तरी होता. या अर्थानें शब्दच पुसून टाकले. ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं चौफेर स्वारी सुरू झाली. दुसऱ्या दिवशीं सुरक्षा समितींत निषेधाचा ठराव आला तो रशियाच्याच नकाराधिकारानें पडला. हिंदुस्थान, चीन व संयुक्त अरब अमीरात यांनीं मत दिलें नाहीं. ता. २ मार्च रोजीं साधारण सभेंत १४१ विरुद्ध ५ मतांनीं ठराव झाला. ३५ राष्ट्रें तटस्थ राहिलीं व त्यांतही आपण होतों. आपण हमीदार नव्हतों, त्यामुळें वचनभंगाचा दोष आपणांवर येत नाहीं. पण सूर्यफुलाच्या तेलाचा भाव त्या वर्षीं आमच्या बाजारांतही चढला, यावरून तटस्थतेनें झळ चुकत नाहीं एवढें दिसलें.

खर्ड्याशीं हें साम्य फार ताणूं नये. मराठ्यांचें भांडण ठराविक हक्काच्या बाकीचें होतें. निजामाचें राज्यच नाहीं असें पुण्यानें कधीं म्हटलें नाहीं. रशियानें मात्र शेजाऱ्याच्या पृथक् अस्तित्वावरच प्रश्नचिन्ह घातलें. दुसरा भेद अधिक खोल आहे. खर्ड्यास हमीदार बाजूस उभा राहिला. युक्रेनांत चार सह्यांपैकीं एक सही करणाराच आक्रमक झाला. उरलेल्या दोघांनीं शस्त्रें व द्रव्य विपुल पुरविलें, आपले सैनिक लढण्यास पाठविले नाहींत. आणि युक्रेन निजामाप्रमाणें किल्ल्यांत कोंडला गेला नाहीं : कीववरील चाल महिनाभरांत फसली, एप्रिल २०२२ मध्यें रशियाची ‘मॉस्कवा’ ही युद्धनौका काळ्या समुद्रांत बुडाली, व नोव्हेंबरांत खेर्सोन शहर परत मिळालें. हें हमीचें फळ नव्हे.

हमी फसल्यावर निजामानें काय केलें? प्रथम त्यानें इंग्रज पलटणींस रजा दिली व रेमंडचें बळ वाढविलें. परंतु १७९५ च्या उन्हाळ्यांतच पुत्र अलीजाह याचें बंड उद्भवून पलटणी पुन्हा बोलवाव्या लागल्या. इकडे सवाई माधवराव ऑक्टोबरांत वारले, आणि वारसाच्या घोळांत नानांनीं निजामाचें साह्य मिळविण्यासाठीं १७९६ च्या महाडच्या करारानें खर्ड्याची कमाई परत देण्याचें कबूल केलें. तरी नबाबाच्या मनांतील धास्ती गेली नाहीं. ता. १ सप्टेंबर १७९८ च्या तहानें त्यानें सहा पलटणी कायमच्या घेतल्या, त्यांकरितां सालीना २४,१७,१०० रुपये देऊं केले, आणि फ्रेंच फौज मोडून टाकली. ही हमी अगदीं दानाची होती व कंपनीनें ती पाळलीही. मात्र तिच्या मोलांत परराष्ट्रकारण हैदराबादेच्या हातून गेलें.

युक्रेननें मार्च २०२२ मध्यें इस्तंबूलच्या वाटाघाटींत अशाच पक्क्या हमीची मागणी केली. आपण कोणत्याही गटांत जाणार नाहीं. मोबदल्यांत अनेक राष्ट्रांनीं, आक्रमण झाल्यास प्रत्यक्ष साह्याचें, बंधन लिहून द्यावें. हमीदारांच्या यादींत रशियाचेंही नांव होतें. मसुदा पुढें सरकेना तो एका शब्दसमूहापाशीं : हमीदारांनीं कृति करावयाची ती ‘सर्वांच्या संमतीनें’, असा रशियाचा आग्रह. तें मान्य करणें म्हणजे ज्याच्यापासून भय त्याच्याच हातीं जामिनकीची किल्ली देणें होतें, व युक्रेननें तें मान्य केलें नाहीं. २०२५ सालच्या वाटाघाटींतही मुलखाच्या जोडीनें हाच वाद उभा राहिला : हमी कोणाची, कशाची, आणि तिची अंमलबजावणी कोणाच्या हुकुमानें.