बरोक व्हायोलिन सोनाटांची आधुनिक रूपांतरे : स्वरूप आणि श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना : पाश्चात्त्य संगीतात साधारणतः १६०० ते १७५० हा कालखंड बरोक म्हणून ओळखला जातो. या काळातील व्हायोलिन सोनाटा आज अनेकदा पियानोच्या साथीने वाजविल्या जातात; परंतु ती साथ बहुधा मूळ संगीतकाराने लिहिलेली नसते. तिचे स्वरूप व तिच्या कर्तृत्वाचा प्रश्न स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ लेखन : कोरेल्ली यांचा १२ सोनाटांचा ‘ऑपस ५’ हा संग्रह १७०० मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला. त्यात व्हायोलिनची सुरावट आणि खालच्या स्वरांची एक ओळ एवढेच आढळते. या ओळीलगतचे अंक तिच्यावर कोणते स्वर घ्यावेत हे सुचवितात. उर्वरित साथ हार्पसिकॉर्डवादकाने प्रत्यक्ष वादनातच रचावयाची असे. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, त्यामुळे बोटांच्या आघाताने आवाज फारसा कमीअधिक होत नाही. पियानोत तारेवर हातोडी पडते आणि आवाजाचा चढउतार साधतो. साहजिकच, पियानोसाठी साथ लिहिणारा संगीतकार मूळ कृतीचा अर्थही ठरवीत असतो.

रूपांतराचे प्रकार : इटालियन संगीतकार रेस्पीगी (१८७९-१९३६) यांनी विवाल्दी यांच्या डी मेजर सोनाटाची साथ पियानोसाठी विस्तारली. क्रायस्लर (१८७५-१९६२) यांनी तार्तिनी यांच्या ‘डेव्हिल्स ट्रिल’ या सोनाटाला पियानोच्या साथीबरोबरच स्वतःची कॅडेन्झा, म्हणजे एकट्या व्हायोलिनने वाजवावयाचा भाग, जोडला. दाल्लापिकोला यांनी तर १९५०च्या दशकातील ‘तार्तिनियाना सेकोंदा’ या कृतीत तार्तिनींच्या सुरावटींतून नवीच रचना उभारली. पूर्ती, विस्तार व पुनर्निर्मिती अशा या तीन पायऱ्या होत.

श्रेयाचा प्रश्न : पुन्यानी, कूपराँ आदी जुन्या संगीतकारांच्या नावे आपण सादर केलेल्या अनेक रचना वस्तुतः स्वतःच्याच आहेत, असे क्रायस्लर यांनी १९३५ मध्ये जाहीर केले. तोवर त्या जुन्या कृतींची रूपांतरे म्हणूनच स्वीकारल्या गेल्या होत्या. रूपांतराची सीमा किती धूसर असू शकते, हे यावरून दिसून येते.

निष्कर्ष : रूपांतर हे मूळ कृतीचे विडंबन नव्हे, तसेच ती मूळ कृतीही नव्हे. म्हणून अध्यापनात व कार्यक्रमपत्रिकेत संगीतकार आणि रूपांतरकार या दोघांचाही उल्लेख व्हावा. मूळ छापील ओळ व पियानोची साथ शेजारी ठेवून वाचल्यास जुने किती आणि नवे किती, हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळता येईल.